गावानं दडवलेला स्कोअर

वसंतदादांचा फोन आला की मी आधी एकच वाक्य म्हणतो : "दादा, स्कोअर सांगू नका." ही सवय इतकी मुरलेली, की त्या सकाळीही मी तेच म्हणालो. पलीकडून दादा म्हणाले, "सर, दिगू गेला. गोठ्यातच बसला अन् गेला. तुमी निंगा." माझ्या साडभाऊच्या मृत्यूची बातमी ऐकताना माझ्या तोंडून निघालेले शब्द हे असे. दिगंबरला कळलं असतं, तर पुढची दहा वर्षं त्यानं माझी या एका वाक्यावरून टर उडवली असती. ती दहा वर्षं त्याच्याकडे नव्हती, म्हणून हे काम मीच करतोय.

दिगंबर म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात दोघा भावांची काळी जमीन, कपाशी-तूर, आणि गोठ्यात म्हशी. रोज सकाळी तो मोटरसायकलला दुधाच्या कॅन बांधून अमरावतीला यायचा, आणि शेवटचं दूध आमच्या घरी घालून चहाला बसायचा. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. वीज, चुंबकत्व, लहरी, सगळं तोंडपाठ. घरातला फ्यूज मात्र बायको बदलायची. हे दिगंबरला ठाऊक होतं, तरी त्यानं एक काम मलाच सांगितलं, हा त्याचा भाबडेपणा की धूर्तपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम होतं वसंतदादांचं. दादा त्याचे थोरले भाऊ. त्यांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, असलेला एक दोस्त होता. दोघांचे बैल सावडीत, दोघांची न्याहारी एकाच निंबाखाली. तो दोस्त एका नापिकीच्या वर्षी गेला. कसा गेला, हे त्या काळात आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नसे. त्यानंतर दादांनी शेतात जाणं सोडलं, मग बोलणं सोडलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शोभा विहिरीच्या दोराची जागा बदलत राहायची आणि फवारणीचं औषध घरात ठेवू द्यायची नाही. एका सकाळी चहाची बशी तशीच ठेवून दिगंबर म्हणाला, "सर, दादाले उद्याची वाट पाह्यले लावलं पायजे. कशाची का होईना."

दादा एके काळी गावच्या संघातून गोलंदाजी करत, आणि कसोटी सामना म्हणजे त्यांचा जीव. पण सामना दिवसा, आणि गावात दिवसभर भारनियमन. शिवाय जुन्या टीव्हीवर चेंडू दिसायचा नाही. मी म्हटलं, "अरे, स्कोअर कळला म्हणजे झालं." दिगंबर म्हणाला, "चेंडू दिसला पायजे, सर. त्याची शिवण दिसली पायजे. नाही त माणूस उठून कायले बसीन?"

तर असं ठरलं. एचडी वाहिनी माझ्या घरी घ्यायची, सामना संगणकावर उतरवून घ्यायचा, डिस्क दिगंबरनं रिकाम्या कॅनसोबत गावी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज असते तेवढ्या वेळात, दादांना दाखवायची. मी अर्थातच म्हणालो, "त्यात काय आहे?" माझ्या आयुष्यातल्या सगळ्या फजित्या याच वाक्यानं सुरू झालेल्या आहेत.

संगणकात बसवायचं रेकॉर्डिंगचं कार्ड अमरावतीत मिळेना, म्हणून आम्ही दोघं अकोल्याला गेलो. दुकानदार जावेदभाई लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना सामान पुरवायचे. माझं सिग्नल-थिअरीवरचं प्रवचन त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दिगंबरला विचारलं, "भाई, शादी किसकी है?" दिगंबर म्हणाला, "शादी नही, भाई. हमारे दादा को जगाना है." जावेदभाईंनी लगेच कार्ड गुंडाळून दिलं.

घरी येऊन सेटटॉप बॉक्सपासून संगणकापर्यंत मी मोठ्या दिमाखात जाडजूड वायर जोडली. पडदा काळाकुट्ट. आवाजही नाही. मी डिशचा दोष काढला, ढगांचा काढला, शेवटी गच्चीवर जाऊन छत्री इतकी फिरवली की होत्या त्या वाहिन्याही गेल्या. खाली दिगंबर आणि माझी बायको नलिनी भजी खात माझी प्रगती विचारत होते. शेवटी जावेदभाईंना फोन केला. ते हसले. त्या वायरमधून येणाऱ्या चित्राला कंपन्या कुलूप घालतात, नक्कल होऊ नये म्हणून. मागच्या बाजूच्या लाल, हिरव्या, निळ्या, अशा वेगवेगळ्या वायरी लावल्या की चित्र येतं. तशा लावल्या, आणि पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. गवताचं पातं न् पातं वेगळं. दिगंबर अगदी जवळ जाऊन बसला. "गवताले पानी देलं वाट्टे आत्ताच," एवढंच म्हणाला.

माझा जुना संगणक आणि त्याला जोडायला एक नवा टीव्ही गावी गेला, आणि यंत्रणा सुरू झाली. पण एक अडचण होती. दादांना सामना दिसणार एक दिवस उशिरा, आणि तोवर स्कोअर गावभर झालेला. त्यावर दिगंबरनं जे केलं ते फक्त तोच करू शकत होता. तो पानठेल्यावर गेला, न्हाव्याकडे गेला, पिठाच्या चक्कीवर, शाळेत, देवळात गेला आणि सगळ्यांना सांगून आला : "दादाले जो स्कोअर सांगीन, त्याची बैलगाडी माया शेतातून जानार नाही." अर्ध्या गावाची गाडवाट त्याच्याच शेतातून. गाव मुकं झालं! दिगंबर स्वतःही स्कोअर ऐकायचा नाही. दूध घालताना कानाला रुमाल बांधायचा. म्हणायचा, "मले समजलं त माया तोंडावर दिसते."

आणि त्याची युक्ती अशी, की सामना रंगात आला की तो बंद करून म्हशींना चारा टाकायला निघून जायचा. पहिले काही दिवस दादा तसेच भिंतीकडे वळायचे. मग शोभानं सांगितलं, दादा सकाळी आपणहून खाट टीव्हीकडे वळवून बसतात. पण बोलत मात्र नव्हते.

मग एका कसोटीचा शेवटचा दिवस आला. आपली शेवटची जोडी मैदानात, जिंकायला थोड्या धावा हव्यात. गोलंदाज धावत आला, हात वर गेला... आणि चित्र तिथंच गोठलं. पुढं काहीच नाही. डिस्क भरली होती. कारण मी, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, यंत्राची करामत दाखवायला नलिनीची सासू-सुनांची मालिकाही त्याच डिस्कवर एचडीत उतरवत होतो. सुनेच्या साडीची जर अगदी स्पष्ट दिसत होती. कसोटीचा निकाल मात्र तिच्या पदराखाली गेला.

पुढचं मला दिगंबरनं सांगितलं. दादा त्या गोठलेल्या हाताकडे बराच वेळ बघत बसले. मग कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज आला. "मंग?" दिगंबर म्हणाला, "मले नाही माहीत, दादा. आईची आन." दादा उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि घराबाहेर पडले. पानठेल्यावर गेले. "कोन जितलं रे?" ठेलेवाला हात जोडून म्हणाला, "दादा, तेवढं सोडून काईबी इचारा. आमाले तुरीची गाडी आनाची हाय." न्हाव्यानं तर दुकानाचं दारच ओढून घेतलं. चक्कीवाला म्हणाला, "माह्या घरी टीवीच नाही," आणि त्याच्या कौलांवरची छत्री दादांना समोर दिसत होती. सगळं गाव आपल्यापासून काहीतरी दडवतंय, आणि ते आपल्याच भल्यासाठी, हे दादांना तिथं उन्हात उभ्या उभ्या समजलं असावं. ते एसटीत बसले आणि सरळ अमरावतीला माझ्या दारात.

दार मी उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. "सर, शेवटच्या जोडीनं केलं का?"

मला निकाल ठाऊक होता. हरलो होतो, अगदी थोडक्यात. इतक्या महिन्यांनी हा माणूस घराबाहेर पडला, आणि याला हे सांगायचं? मी म्हणालो, "आत या, चहा घ्या." "चाय मंग. पहिले सांगा." खोटं सांगायचं मनात आलं, पण दिगंबर म्हणायचा ते तोंडाचं शास्त्र मलाही लागू होतं. मी म्हणालो, "हरलो, दादा."

ते पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. आतून नलिनी पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मग दादा म्हणाले, "अन् ह्याच्यापायी मी येसटीनं आलो?" आणि एकदम हसू लागले... मग शेवटच्या फलंदाजाला अशा काही शेलक्या शिव्या घातल्या, की नलिनी पेला ठेवून आत पळाली. चेंडू कसा बाहेर सोडायला हवा होता, हे त्यांनी माझी पावसाची छत्री बॅटसारखी धरून अंगणात दाखवलं. तेवढ्यात मोटरसायकल उडवत दिगंबर फाटकात आला. घामानं निथळत होता, कानाला अजून रुमाल. दादांनी त्याच्याकडे पाहिलं. "दिगू, पुढची मॅच कवा हाय?" दिगंबरनं रुमाल सोडला आणि त्यातच तोंड खुपसलं.

त्या हंगामात पेरणीला तिफण दादांनीच धरली. पुढं गावातली वीज सुधारली, यंत्रणा माझ्याकडून गावी गेली, आणि माझ्या हातातून सुटल्यामुळे व्यवस्थित चालू लागली. आता दुधासोबत डिस्क माझ्याकडे येऊ लागली, आणि स्कोअर सांगू नका म्हणायची पाळी माझ्यावर आली.

दिगंबर गेल्यावर काही आठवड्यांनी नलिनी आणि मी पुन्हा गावी गेलो. शोभा चुलीपाशी बसून होती. नलिनीशीही बोलेना. आम्हाला भीती तीच, जी एके काळी दादांची होती. दादा मात्र संगणकापुढे बसले होते. टीव्ही ओढून त्यांनी अशा ठिकाणी आणला होता, की चुलीजवळून थेट दिसावा. पडद्यावर लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा चालू होती. "तिले क्रिकेटातलं काही समजत नाही," ते मला हळूच म्हणाले. एका चिमुरडीनं जीव ओतून गाणं म्हटलं, परीक्षकानं निकाल सांगायला तोंड उघडलं, आणि दादांनी खटकन बटण दाबलं. टोपी घातली आणि वावराकडे निघाले.

आमच्याकडे सून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही. शोभानंही आजवर दादांना कधी हाक मारली नव्हती. जेवण वाढलं तरी पोरांच्या तोंडून निरोप. ती चुलीपासून उठली, डोक्यावर पदर घेतला.

"दादाजी!"

दादा थांबले, पण वळले नाहीत.

"ते पोरगी जितली का?"

"मले नाही माहीत, माय. मी बी नाही पाह्यलं. सांजेले पाहू."

आणि ते चालू लागले. "अवं, असं कसं... थांबा न!" म्हणत शोभा त्यांच्या मागोमाग अंगणात आली, उन्हात.