कपांच्या बुडावरचे ठिपके

आज सकाळी ओट्यावर सहा कप पालथे घातलेले होते आणि सहाही कपांच्या बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो खरं तर एकाच कपावर असायचा, माझ्या. हेपॅटायटिस बी माझ्या रक्तात कायमचा मुक्कामाला आला, प्लेटलेट्स उतरल्या आणि पायांवर असेच बारीक लाल ठिपके उठू लागले, तेव्हा नेलकटरपासून कपापर्यंत माझं सगळं मी एका दुपारी वेगळं करून टाकलं. हा आजार रक्तातून पसरतो, कपातून नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मला व्यवस्थित काम लागतं. वस्तू वेगळ्या काढता काढता माणूस स्वतःही वेगळा निघतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"हा उद्योग कुणाचा?" मी धाकट्या जावेला विचारलं.

"माझाच. रोज सकाळी तुमचा कप हुडकायला मला वेळ नाही, ताई," दुधावरची नजर न काढता ती म्हणाली. "नेलकटर तेवढा तुमचा तुमच्याकडे ठेवा."

सवयीने मी माझा कप शोधला. ओळखू येईना. मग हाताला लागला तो पुढे केला, आणि तिने त्यात चहा ओतला.