भट्टीपुढचं नाक

बेकरीवाले काका पाव भट्टीत सारले की घड्याळ बघत नसत. बेकरीत घड्याळच नव्हतं. वास नेमका पिकला की पाव बाहेर. "आमच्याकडे नाक मालक आहे, हे त्याचे नोकर," असं काकू गिऱ्हाइकांना सांगत.

अशा माणसाचं नाक गळू लागलं. हयात पिठात गेलेल्याला सर्दीचं काय कौतुक! खांद्यावर टॉवेल टाकून काकांचं काम चालूच. पण वाकले की एकाच नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी टपकायचं. महिना उलटला, तेव्हा मुलीनेच त्यांना नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

पाणी तपासून बाईंनी विचारलं, "मागे डोक्याला मार लागला होता?"

शिडीवरून पडले होते खरे. टेंगूळ उतरलं तसं काका ते विसरूनही गेले होते.

बाईंनी कवटीचा नमुना पुढे ओढला. "ही सर्दी नाही, मेंदूभोवतीचं पाणी आहे. नाकाचं छत तीच मेंदूची जमीन. इथलं हाड कागदासारखं पातळ, भोकाभोकांचं. त्यातून वासाच्या नसा खाली उतरतात."

"चाळणीच की!"

"आम्हीही तेच म्हणतो. ती तडकलीय. तशीच ठेवली तर जंतू मेंदूपर्यंत पोचतील, जिवावर बेतेल. नाकातूनच ठिगळ लावू. वास किती राहील, ते मात्र आज सांगता येत नाही."

वास जाईल म्हणून काका ऑपरेशनला तयार होईनात. घरी काकू म्हणाल्या, "अहो, नुसतं नाक ठेवून मी काय करू? तुम्ही हवात!"

ऑपरेशन झालं, गळणं थांबलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणून काका मागच्या खोलीत खुर्चीवर. मुलीने भट्टीसमोर घड्याळ टांगलं. पाव चांगले निघत, आणि काकांना त्याचंच जास्त लागे. काकू रोज कॉफीची पूड नाकाखाली धरत. "येतोय?" काका नकारार्थी मान हलवत.

एका सकाळी मुलगी गिऱ्हाइकाशी गप्पांत रंगली. मागून आरोळी आली, "अगं, पाव!"

ती धावली. सगळे पाव काळेठिक्कर.

"बाबा, सगळे करपले हो," ती रडकुंडीला आली.

काका दारात उभे होते, डोळे भरून आलेले. "करपलेच," ते म्हणाले. "काय घाण वास सुटलाय!"

त्या दिवशी काचेच्या कपाटात सगळ्यांत वर एक काळा पाव बसला. कुणी विचारलं की काकू ऐटीत सांगत, "तो विकायचा नाही."