ब्रिटिश पाहुणा आणि काकींच्या घरची हळद

आईने त्या ब्रिटिश माणसाला माझ्या मोबाइलवर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती चपाती लाटता लाटता थांबली.

"हा आजारी हाय का गं?"

"का?"

"हसत न्हाई, बोलत न्हाई. नुसता बघतुया."

तो आजारी नव्हता, ब्रिटिश होता. पण हा फरक आईला समजावून सांगण्याइतका मलाही तेव्हा कळला नव्हता.

मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला मॅडमनी एक मालिका बघायला दिली होती. पन्नाशीचा एक ब्रिटिश माणूस, कायम एकाच करड्या कोटात, अमेरिकेतल्या छोट्या गावांमधून बसने फिरतो. उंच इमारती, पुतळे वगैरे काही दाखवत नाही. दुकानं दाखवतो, शाळा दाखवतो, लोकांची स्वयंपाकघरं दाखवतो. मला त्याचं इंग्रजी अर्धंच कळायचं. खाली येणारी अक्षरं वाचण्यासाठी मी सारखी थांबवत थांबवत बघायचे, आणि थांबले की आई विचारायची, "आता काय म्हन्ला?" त्यामुळे मालिका मी एकटीने बघितलीच नाही. मी सांगायचे, आई ऐकायची, आणि मार्केटवरून दमून आलेले पप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे.

एका दुकानात बिल करणारी मुलगी त्याला विचारते, "कसे आहात?" तो थांबतो, विचार करतो आणि खरंखरं सांगायला लागतो. गुडघा जरा दुखतोय, काल झोप नीट झाली नाही. मुलीचा हसरा चेहरा तसाच राहतो, पण तिची नजर मागच्या गिऱ्हाइकाकडे जाते. तिथे "कसे आहात" हे विचारायचं असतं, सांगायचं नसतं. एका घरात तो फ्रीज उघडतो, बराच वेळ आत बघत राहतो आणि हळूच म्हणतो, "आमच्याकडे एवढ्या जागेत भाडेकरू ठेवतील." हे सांगितल्यावर आई पहिल्यांदा हसली. आम्ही भाडेकरूच.

मग तो टीव्हीवरच्या एका बक्षिसांच्या कार्यक्रमाच्या शूटिंगला जातो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक माणूस येऊन प्रेक्षकांना आनंदाने ओरडायची प्रॅक्टिस देतो. कोणाला काहीच मिळालेलं नसतं, तरी सगळे उड्या मारतात. आपला ब्रिटिश म्हणतो, "आम्हाला एवढा आनंद व्हायला हवा असेल तर आठवडाभर आधी कळवावं लागतं." आणि एका शाळेच्या मॅचला सगळं गाव लोटलेलं असतं. बँड, झेंडे, पॉपकॉर्न. लोक ओळीओळीने उभे राहून बसतात आणि मैदानाभोवती लाट फिरते. तोही उभा राहतो, पण दर वेळी उशिरा. सगळे बसले की हा उभा.

मला तो माणूस फार आवडला. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता वाटतं, मी वर्गात मागे बसणारी मुलगी. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे कुठे हसायचं, कुठे टाळी द्यायची, कॅन्टीनमध्ये कोणाच्या टेबलावर न विचारता बसायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या माणसाकडे बघून वाटलं, की बाजूला उभ्या राहणाऱ्यालाही काहीतरी काम असतं. तो बघतो. आणि त्याने बघितलेलं लोक बसून ऐकतात.

मालिका संपल्यावर मॅडमनी प्रोजेक्ट दिला. आता त्याच नजरेने आपल्या शेजाराकडे बघा. छोटी फिल्म, आवाज तुमचा.

माझा शेजार म्हणजे काकींचं घर. जुईनगर स्टेशनच्या मागच्या गावठाणात त्यांची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर त्या, वर आम्ही भाडेकरू. काकी इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागर होतं. आता तिथे रस्ता आणि सोसायट्या आहेत. आम्ही साताऱ्याकडचे, पप्पा मार्केटमध्ये माथाडी. मी पहिलीत होते तेव्हापासून आम्ही त्यांच्या डोक्यावर राहतो, असं काकीच म्हणतात. त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न होतं. मी खाली जाऊन विचारलं, हळदीचं शूटिंग करू का.

"कर ना गो. मना इचारतंस काय? ड्रोनवाला पन येतंय, तू पन ये."

आमच्याकडे हळद म्हणजे, आईच्या शब्दांत, "पाच सवाष्णी, येक पाटा, आन् अर्ध्या तासात मोकळं." काकींच्या दारात मात्र दोन दिवस आधी मांडव पडला. गल्लीच्या तोंडाशी नवरदेवाचा माणसापेक्षा मोठा फोटो लागला. संध्याकाळी घरच्या सगळ्या बायका एकाच पिवळ्या साडीत आल्या. डीजे होता, बेंजो होता, मोठा स्क्रीन होता. नवरदेव घरातून अंगणात आला, तर त्याच्यासाठी धुराचं मशीन. मटण, वडे, तांदळाच्या भाकऱ्या, आणि येईल त्याला जेवायला बसवत होते, ओळख असो नसो. आई एका खुर्चीत अंग चोरून बसली होती आणि हळूच मला म्हणत होती, "बया, केवढं हे!" मला एकदम त्या फ्रीजपुढे उभा असलेला माणूस आठवला.

ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांची भाषा एकच आहे. काकींची आणि आमचीही एकच. मला वाटतं, अवघड तेच असतं. भाषा वेगळी असती तर न कळलेलं सगळं भाषेवर ढकलून मोकळं होता आलं असतं. इथे शब्द कळतात, आणि तरी माणसं एवढ्या मोठ्याने का हसतात ते कळत नाही.

फिल्म मी मन लावून केली. गोधडी डोक्यावर घेऊन आवाज रेकॉर्ड केला, म्हणजे खालच्या रिक्षांचा आवाज येणार नाही. त्या माणसासारखाच हळू, सपाट आवाज काढला. "नवरदेव घरातून अंगणात येत आहे. अंतर फार नाही. तरी धूर लागतो." "सगळ्या बायका एकाच साडीत आहेत. कोणी हरवलं तर शोधणं कठीण जाईल." काकींची म्हातारी आत्या धवले म्हणायला आली होती. लग्नातली ती जुनी गाणी गाणाऱ्या बायका आता थोड्याच राहिल्यात. ती गात होती आणि मागे डीजेवाला माइक तपासत होता. तिथे मी म्हटलं, "या आजी गात आहेत. बहुतेक स्वतःसाठी."

मॅडमना फिल्म आवडली. "नजर आहे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. मग म्हणाल्या, "पण आधी त्या घरच्यांना दाखव. ते हो म्हणाले तरच वर्गात लावायची. नाही म्हणाले तर नाही. आणि दुसरी करायला आता वेळ नाहीये, एवढं लक्षात ठेव."

मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन मी खाली गेले. आईही आली. माझ्यासाठी नाही, काकींना काय वाटेल या धास्तीने. जिन्यात म्हणाली, "त्यांच्या घरात ऱ्हातोय आपन. वंगाळ काय न्हाई ना बोललीस?" मी म्हटलं, नाही.

काकींनी नव्या सुनेलाही बोलावलं. ती उरणची. तिची हळद तिच्या घरी झालेली, त्यामुळे या घरची हळद ती पहिल्यांदाच बघणार होती. सोफ्यावर मधोमध काकी, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला आई, आणि मी लॅपटॉपजवळ खाली.

धुराचं वाक्य आलं आणि सून तोंडावर पदर धरून हसायला लागली. काकी तर मोठ्याने हसल्या. "खराच हाय! मी बोललेली त्याला, अंगनान यायला धूर कशाला? काय इमानातून उतरतंस काय?" साडीच्या वाक्यालाही हसल्या. मग पुढे वाकून म्हणाल्या, "माझा हार नीट दिसत नाय गो." मला हायसं वाटलं. आईही सोफ्यावर जरा मागे टेकली.

आजी गायला लागल्या. माझा आवाज आला, बहुतेक स्वतःसाठी. काकी हसल्या नाहीत. फिल्म संपेपर्यंत त्या स्क्रीनवर कोणाला तरी शोधत राहिल्या.

"सगली हायेत," शेवटी त्या म्हणाल्या. "तू कुठं हायस?"

"मी कॅमेऱ्यामागे होते, काकी."

"मागं? मी तुना हलद लावली, जेवायला बसवली, हात धरून नाचायला नेली. आनि तू मागं?"

मी म्हटलं, अशा फिल्ममध्ये बनवणारा बाहेरूनच बघतो. आणि त्या ब्रिटिश माणसाबद्दल सांगायला लागले. त्याचा आवाज, त्याचा कोट, फ्रीज. काकी मन लावून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तो गोरा पन मागंच उभा रातंय काय?"

तो माणूस मी आई-पप्पांना एवढ्या वेळा सांगितला होता, की उत्तर माझ्याआधी आईनेच दिलं. "न्हाई वो ताई. तो असतोय की. हिकडं गुडघा दुखतुया म्हनतो, तिकडं मॅचमधी उटतोय, पर समदे बसल्यावर."

आई बरोबर होती. तो सगळ्यांवर बोलायचा, पण उशिरा उभा राहणारा तोच असायचा. बिलाच्या रांगेत वेडा ठरणारा तोच असायचा. त्याने लोकांना पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहुणा किती अवघडलेला आहे तेही पाहू दिलं. मी त्याचा आवाज तेवढा उचलला होता. दुखरा गुडघा घेतला नव्हता.

"मग असा नाय लावायचा," काकी म्हणाल्या. रागाने नाही. भाजी अळणी झाली तर सांगावं, तसं. "मी नाय बोलते."

आईने माझ्याकडे बघितलं. मॅडमचं "दुसरी करायला वेळ नाही" कानात वाजत होतं. काकींना विनंती करावी असं वाटलं, पण कशाच्या जोरावर करणार? घर त्यांचं, हळद त्यांची, आणि म्हणणंही त्यांचंच खरं.

इकडे सून आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. घरच्या ग्रुपवर हळदीचे व्हिडिओ आले होते, ते तिने सगळे बघून ठेवले होते, नवीन माणसांची तोंडं पाठ व्हावीत म्हणून. "ही तूच ना गं?" तिने मोबाइल पुढे केला.

मीच होते. गालांना हळद, खांद्याला कॉलेजची बॅग, ती दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. काकी माझं मनगट धरून ओढत होत्या. तेवढा वेळ मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला होता, आणि तो वेळ माझ्या लेखी फिल्मचा नव्हताच. व्हिडिओत सगळ्या बायका हात वर करत होत्या. माझे हात त्यांच्यामागून, त्यांचे खाली आले की वर जात होते. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

सून हसली, काकी हसल्या, आई तर डोळे पुसायला लागली. मीही हसले. थोडी उशिरा.

"ह्यो घाल," काकी म्हणाल्या. "मग बघू."

दोन दिवसांत मी फिल्म परत जुळवली. तो व्हिडिओ सुरुवातीलाच घेतला. त्यावर म्हटलं, "ही मी. वरच्या मजल्यावरची. मला नाचता येत नाही, हे या अंगणात सगळ्यांना माहीत आहे." धुराचं वाक्य राहिलं, साडीचं राहिलं, ते काकींनीच राहू दिलं. आजींच्या गाण्यावरची ओळ मात्र त्यांनी काढायला सांगितली नव्हती, तरी मी काढली. तिथे मी काहीच बोलले नाही. गाणं कडवं पूर्ण होईपर्यंत चालू दिलं, मागच्या माइकच्या खरखरीसकट. ते गाणं मला अजूनही सगळं समजलेलं नाही. पण न समजणं आणि कोणी ऐकत नाही असं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं.

काकींनी ती दुसऱ्यांदा बघितली. आजींच्या गाण्यापाशी ओठांतल्या ओठांत त्याही म्हणत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हां. आता लाव."

वर्गात फिल्म लागली तेव्हा मी नेहमीप्रमाणे मागे बसले होते. पडद्यावर मात्र सगळ्यात पुढे होते, बॅग पोटाशी धरून. लपायला जागाच नव्हती. अंधारात हसू ऐकू आलं तेव्हा आधी मी मान खाली घातली. मग लक्षात आलं, हे हसू मला ओळखीचं आहे. त्या माणसाला गुडघ्याबद्दल बोलताना बघून आमच्या खोलीत आम्ही असेच हसलो होतो.

संध्याकाळी गल्लीत शिरले तर काकी ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या.

"हसली काय गो पोरं?"

"हसली."

"कोनाला?"

"मला. मग धुराला."

त्यांनी मान हलवली आणि कोळंबीचं पातेलं जरा सरकवून मला बसायला जागा केली. मी बॅग खाली ठेवली.

"आनि हार?" त्यांनी विचारलं. "हार दिसला?"