वरीलप्रमाणे

माझ्या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात मुलांची ओळखपत्रं करतात. यंदा मुख्याध्यापकांनी पालकांनी हाताने भरलेले फॉर्म एआयला वाचायला दिले आणि छपाईची अख्खी फाइलही त्यालाच बनवायला सांगितली. "जमलं तर पुढच्या वर्षी तुम्हाला त्रास नको," ते म्हणाले. म्हणजे नारळ.

जमलं नाही. कुणी 'दुकानामागे, दुसरा मजला' असा पत्ता लिहिला की स्वल्पविरामापाशी रकाना तुटे आणि रक्तगटाच्या जागी फोन नंबर येई. फाइल पुन्हा मागितली की चूक नवीन.

जाऊबाई खूश. त्यांची सून प्रोग्रामर. ती म्हणाली, "आई, हसू नका. त्याला भलतंच काम दिलंय. अक्षर लावणं त्याचं काम. रकाने पाडणं साध्या प्रोग्रामचं. प्रोग्राम डोकं चालवत नाही, म्हणून रोज तस्साच वागतो."

"तुझ्या सासऱ्यांसारखा."

आतून भाऊजी खाकरले.

मुख्याध्यापकांना विचारून सुनेने तसं करून दिलं. रक्तगट आठांतला नसेल, फोनचा आकडा कमी असेल, तर प्रोग्राम तो फॉर्म बाजूला काढणार. सहाशे फॉर्म सुरळीत गेले. "माझ्याच सुनेने माझी खुर्ची ओढली गं," जाऊबाई मला फोनवर म्हणाल्या.

तरी छपाईआधी त्या सवयीने फॉर्म ताडून बघत बसल्या. एका फॉर्मवर दोन भावंडं होती. धाकट्याच्या पुढे आईने सगळीकडे 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं. पत्ता वरीलप्रमाणे, फोन वरीलप्रमाणे, रक्तगटही वरीलप्रमाणे. एआयने इमानदारीत बहिणीचा रक्तगट उतरवला होता. आठांतलाच, म्हणून प्रोग्रामनेही सोडला.

जाऊबाईंनी त्या आईला फोन लावला. "दोघांचा रक्तगट एकच आहे का हो?"

"अगं बाई! हात चालला तसं लिहीत गेले." कपाट उघडल्याचा आवाज, कागदांची खसखस. "थोरलीचा बी पॉझिटिव्ह. धाकट्याचा... ए निगेटिव्ह आहे हो."

सुनेने त्याच दिवशी बदल केला. 'वरीलप्रमाणे' दिसलं की एआयने तो शब्द तसाच लिहायचा, वरचं खाली उतरवायचं नाही. प्रोग्रामने फॉर्म बाजूला काढायचा.

"आणि मग?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मग आमच्या आई फोन करतील," सून म्हणाली.

तेवीस फॉर्म निघाले. जाऊबाईंचं टायपिंग गेलं, खुर्ची राहिली. मुख्याध्यापक मात्र म्हणालेच, "पुढच्या वर्षी फॉर्मवर छापूनच टाकू, 'वरीलप्रमाणे' लिहू नये."

"छापा की," जाऊबाई म्हणाल्या. "मग लोक नुसत्या दोन रेघा मारतील."