चाकाखालचा हात

बऱ्हाणपुरात दगा मिस्त्रीच्या दुकानातून जॅक घ्यायचा तर त्याचा एक कायदा होता. जॅकने गाडीचं चाक उचलायचं, आणि ज्याने जॅक पसंत केला त्याने आपला पंजा त्या चाकाखाली ठेवायचा, मिस्त्रीची एक बिडी संपेपर्यंत. पंजा शाबूत राहिला तर जॅक खरा. मिस्त्री म्हणायचा, "डोळा खोटं सांगीन, हात नाही सांगत."

कौतिक हा चुडामण शेठचा ड्रायव्हर. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता आणि शेठकडे तिथल्या लाकडाचा ठेका होता. या शेठला 'अहो-जाहो' करायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा माफ करा. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्करी जीप त्याने घेतली होती. चारही चाकं ओढणारी, चिखल म्हणू नका, रेती म्हणू नका. कौतिक तिला लेकीसारखं सांभाळायचा. फक्त तिच्याबरोबर जॅक आला नव्हता.

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. कुठल्याशा लहान राजाचा मोटारखाना मोडीत निघाला आणि त्यातला एक जॅक मिस्त्रीकडे आला. ठेंगणा, निकेलचा, तोंड दिसेल असा लखलखीत. शेजारी लष्करातला दुसरा पडला होता. काळाकुट्ट, उंच, परातीएवढ्या बुडाचा.

"मालक, हा काळा घ्या," कौतिक म्हणाला. "राजाचा जॅक बसक्या मोटारीचा हाये. आपली जीप उंच. आन बूड पाहा ना, वाटीएवढं. रेतीत धसीन."

"राजाची चीज सोडून हे भंगार घेऊ? अक्कल आहे का तुला?" शेठ म्हणाला आणि निकेलवर हात फिरवत बसला.

मिस्त्रीने बिडी काढली. "पसंत तुमची, शेठ. पंजा तुमचा."

"माझा माणूस उभा आहे ना! ठेव रे, कौतिक."

कौतिकने उजवा पंजा ठेवला. दुकानातली फरशी पक्की, जॅक कशाला हलतोय! बिडी संपली, शेठ जिंकला.

पंधरा दिवसांनी राजघाटाखाली तापीच्या रेतीत जीपचं चाक पंक्चर झालं. शेठ आत बसून होता. कौतिक म्हणाला, "मालक, जरा उतरा. वजन कमी होईन. मी घाटावरून फळी आणतो, जॅकखाली टाकाले."

"उतरू? बुटात रेती जाईल. उशीर होतोय, चल आटप."

कौतिकने दगडावर दगड रचून जॅकला उंची दिली. चाक काढलं, दुसरं बसवायला उचललं, आणि तेवढ्यात शेठ आतल्या आत कूस बदलून पानाची पिचकारी टाकायला वाकला. दगड सरकले. जीप कौतिकच्या उजव्या पंजावर बसली. दवाखान्यात मनगटापासून हात काढावा लागला. शेठ गावभर सांगत सुटला, "जॅक राजाचा होता हो, हातच बावळट!"

चोर तो चोर, वर शिरजोर. ऐकून माझ्या अंगाची आग होते. पण कौतिकच्या घरात सरुबाई आणि तीन पोरी होत्या, त्याला संतापायची सोय नव्हती. तो रोज शेठच्या दारात जाऊन उभा राहायचा. दोन महिन्यांनी शेठ म्हणाला, "नवा ड्रायव्हर ठेवलाय, गोटू. तो राजाच्या जॅकला हात लावत नाही. तू चांगला जॅक निवडून दे, मग वखारीवरच्या चौकीदारीचं पाहू."

काळा जॅक मिस्त्रीच्या दुकानात अजून तिथेच होता. कौतिकने आटे बोटाने तपासले, बूड ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हाच."

"मग तेव्हाच धडपणे का नाही बोललास?" शेठ म्हणाला. "हात वाचला असता."

मिस्त्रीने मान खाली घातली. गोटूने चाक उचललं.

"आज पसंत याची आहे," शेठ म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा. ठेव."

"शेठ, राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "एकच उरलाय त्याचा."

पण कौतिक चौकीदारीच्या आशेने बसला आणि त्याने डावा पंजा चाकाखाली सरकवला. मिस्त्रीने बिडी पेटवली आणि भराभर ओढून संपवली.

"काढू का, मालक?"

"थांब. चहा येतोय."

चहा आला. शेठने बशीत ओतला, फुंकर मारली, गोटूला लाकडाच्या फेऱ्या समजावल्या. मग आठवल्यासारखं म्हणाला, "हां, कौतिक, ते चौकीदारीचं. मेव्हण्याला दिली रे परवाच. एका हाताचा चौकीदार पाहून चोरसुद्धा हसतील." आणि गोटूला जॅक गाडीत टाकायला सांगून तो पैसे द्यायला आत गेला.

गोटू हँडल धरून उभा राहिला. कौतिकचा पंजा अजून चाकाखालीच होता. त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं.

"काढ ना बाबा आता," मिस्त्री म्हणाला.

"मालक नाही बोलले अजून," कौतिक म्हणाला.