देवघरासाठी राखलेली बॉक्सरूम

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात कुणी घर घेतलं की सामानाच्या खोक्यांआधी किस्से भरले जातात. खोकी निदान कधीतरी रिकामी होतात. किस्से दर गणपतीला पुन्हा निघतात, थोडं मीठमसाला वाढवून. आमच्या घराचे किस्से बाबांचे मित्र प्रभुणेकाका सांगतात आणि त्यात मी नसतो. म्हणून मीच लिहितोय.

साल दोन हजार चार. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर. "दोन वर्षांत परत जायचंय" म्हणत आमच्या घरच्यांनी बावीस वर्षं क्वार्टर्समध्ये आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली होती. एवढ्या काळात आईने एक खिळा ठोकला नाही, कारण भिंत लँडलॉर्डची! मी फार्मसी दुसऱ्या वर्षाला सोडली, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. बाबा लोकांना "गॅप इयर" म्हणून सांगायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत.

*

टेरेस्ड घर. म्हणजे एका साच्यातल्या घरांची लांबच लांब रांग, भिंतीला भिंत लावून. असं घर बघायला इथे नवराबायको जातात. आम्ही सात जण गेलो! त्यात काकांकडे होकायंत्र.

एस्टेट एजंट पोरगेलासा होता. चेहरा सांभाळत म्हणाला, "या घराची खासियत म्हणजे साउथ-फेसिंग गार्डन!"

काकांनी होकायंत्र बघितलं. "म्हणजे मागचं दार दक्षिणेला. यमाची दिशा. ते कायमचं बंद ठेवायचं."

मी एजंटला ते जसंच्या तसं सांगितलं. ज्या उन्हासाठी इंग्रज माणूस जीव टाकतो, त्याला आम्ही कुलूप लावणार होतो.

*

मग काका शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी गेले. "डॉक्टर, भिंत पोकळ असते यांची. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा पलीकडे जातील." बाबांना काकांचं सगळंच पटतं. रोग्याची छाती तपासावी तसं त्यांनी भिंतीवर तीनदा ठोकून बघितलं.

पलीकडून कुणीतरी तीनदा ठोकलं.

काका दोन पावलं मागे सरले. आई मात्र पदर खोचत म्हणाली, "शेजार चांगला आहे हो. हेच घ्या."

बावीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

*

वर तीन खोल्या. बाबांनी जिन्यावरूनच वाटणी केली. "पुढची आमची. मागची पाहुण्यांना. ही छोटी बॉक्सरूम देवघर."

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर एजंटने खोल्या मोजल्या, मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

"तो तात्पुरता आहे," काका म्हणाले. इंग्रजीत, म्हणजे एजंटलाही कळावं म्हणून!

बाबा जिना उतरायला लागले. मला राग काकांचा आला नाही. परत जायचं म्हणून कपाटावर ठेवलेल्या बॅगा बावीस वर्षं न उतरवलेली ही माणसं दुसऱ्याला तात्पुरतं म्हणतात!

*

ऑफर मंजूर झाली. घर विकणारी जीन, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, लेकीजवळच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. त्या फ्लॅटवाले तिसरीकडे, तिसरे चौथीकडे. याला इथे चेन म्हणतात. सगळ्यांनी एकाच दिवशी हलायचं. एक अडला की पाच घरं अडली.

किल्ल्या मिळायचा शुक्रवार ठरला आणि काकांनी पंचांग उघडलं. शुक्रवार भर पितृपंधरवड्यात!

"पुढे ढकला," काका म्हणाले. "पंधरा दिवसांनी काय बिघडतं?"

बाबांनी घराचे कागद बघणाऱ्या सॉलिसिटरला फोन केला. तो म्हणाला, चेन तुटेल, घर जाईल, तुमचं तुम्ही ठरवा. बाबा रिसीव्हर हातात धरून बसले. हार्टअटॅक आलेल्या माणसापुढे डगमगत नाहीत, पण पंचांगापुढे विरघळतात. आईने काही न बोलता पडद्यांच्या मापांचा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. तो ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज मला सहन झाला नाही.

मी बस पकडली आणि जीनच्या दारात जाऊन उभा राहिलो. "पंधरवडा लागायच्या आधी आम्हाला तुमच्या किचनमध्ये दूध उतू घालवू द्याल? म्हणजे आमचा गृहप्रवेश झाला असं धरता येईल."

"शेगडीचा हॉब आजच घासलाय मी," जीन म्हणाली. "पण या."

*

पंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी आई पातेलं आणि दूध घेऊन आली. बाबा कोट न काढता दारात उभे. काका "शास्त्रात असं कुठे आहे?" म्हणत मागे.

"आणि शास्त्रात चेन कुठे आहे, भावोजी?" आई म्हणाली. काका बाहेर गार्डन बघायला गेले. मागच्या दारानेच!

दूध वर यायला लागलं तशी जीन गॅस बंद करायला धावली. आईने तिचं मनगट धरलं. "राहू दे गं," मराठीतच.

दूध हॉबवर, हॉबवरून खाली. जीनने मला विचारलं, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"पन्नास वर्षं मी इथे ते सांडू नये म्हणून उभी राहिले!" ती म्हणाली आणि हसायला लागली. आईही हसली. मग जीनने बाबांना सहज विचारलं, "वरची छोटी खोली या मुलाचीच ना?"

बाबांनी कोट काढला आणि सांडलेलं दूध पुसायला घेतलं.

*

शुक्रवारी दुपारी किल्ल्या मिळाल्या. चेन शाबूत. आईने आत शिरल्या शिरल्या हॉलमध्ये एक खिळा ठोकला, त्यावर टांगायला काही नसताना. मी माझी बॅग जिन्याखाली ठेवली. फार पसरायचं नाही, असं ठरवून आलो होतो.

संध्याकाळी प्रभुणेकाका नारळ घेऊन आले आणि सरळ वर, बॉक्सरूममध्ये गेले. खोली रिकामी. देव्हारा नाही, समई नाही. "डॉक्टर! देव कुठे आहेत?"

बाबा पॅसेजमध्ये, बॉयलरच्या कपाटासमोर गुडघ्यावर बसले होते. आत, जिथे बॉयलरच्या उबेला टॉवेल वाळत घालतात त्या फळीवर, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे ओळीने मांडलेले.

"अहो, देव बॉयलरच्या कपाटात?"

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. समईची वात सारखी करत म्हणाले, "त्या खोलीत फार थंडी वाजते त्यांना."