छपरावरचा बर्फ

विभा गायधनी निफाडची. नाशिक जिल्ह्यातलं हे गाव दर हिवाळ्यात पेपरात येतं, कधी पारा चारवर आला म्हणून, कधी तीनवर. द्राक्षबागा वाचवायला लोक बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात आणि सकाळी शाळेत जाताना पोरांच्या अंगाला तो वास असतो. त्यामुळे "मला थंडीचं काय सांगता?" असं ती आम्हा सगळ्या बायकांना ऐकवायची. आम्ही म्हणजे तोक्योच्या कोतो भागात, ओजिमा स्टेशनजवळच्या इमारतींमध्ये राहणाऱ्या, नवऱ्यांच्या आयटीच्या नोकऱ्यांमागून आलेल्या दहा-बारा मराठी बायका. घरं पातळ भिंतींची, एकच खोली तापवायची आणि बाकीच्या घरात स्वेटर घालून फिरायचं, याची आम्हाला सवय झाली होती. खिशात ठेवायच्या गरम पुड्या आम्ही आता भारतात भेट म्हणूनही पाठवायला लागलो होतो.

२००५च्या ऑक्टोबरात विभाच्या नवऱ्याला, देवदत्तला, कंपनीने सहा महिन्यांसाठी निईगाता प्रांतातल्या एका डोंगराळ गावी पाठवलं. तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात नवी संगणकप्रणाली बसवायची होती. विभा पाच वर्षांच्या लेकीला, आर्याला, घेऊन सोबत गेली. जाताना तिने डिंकाच्या लाडवांचा डबा बांधला आणि म्हणाली, "बर्फ बघायला या गं डिसेंबरात."

आमच्यापैकी कुणी गेलं नाही. गेलो असतो तर अडकलो असतो. त्या डिसेंबरात तिकडे असा बर्फ पडला, की कित्येक वस्त्यांचे रस्ते बंद झाले आणि सैन्याचे जवान फावडी घेऊन उतरलेले आम्ही टीव्हीवर पाहिले. पुढचं सगळं विभाने मला नंतर सांगितलं, एकदा नव्हे, तीन-चारदा. प्रत्येक वेळी सांगताना तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले असायचे.

त्यांचं घर दुमजली, लाकडी, भाड्याचं. मालकीण शेजारच्याच घरात राहायची. होशिनो-सान, वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तोक्योजवळच्या साइतामाला नोकरीला. ठेंगणी, काटक बाई. "भ" म्हणता येत नसल्याने ती विभाला "विबा-सान" म्हणायची. नोव्हेंबरातच तिने दोन्ही घरांच्या खालच्या मजल्याच्या खिडक्यांवर, बर्फाच्या दाबाने काचा फुटू नयेत म्हणून, बाहेरून फळ्या ठोकून घेतल्या.

"अहो, पण मग उजेड?" विभाने विचारलं.

"उजेड एप्रिलमध्ये," होशिनो-सान म्हणाली.

मग तिने विभाला हिवाळा शिकवला. रॉकेलचा हीटर चालू असताना तासातासाने खिडकी उघडायची, नाहीतर झोपेतच माणूस जातं. नळाची बारीक धार चालू ठेवायची, म्हणजे पाइप गोठून फुटत नाही. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या तोट्यांमधून जमिनीखालचं कोमट पाणी उडतं आणि बर्फ वितळवतं, त्या पाण्यातल्या लोहामुळे रस्ता तांबडा दिसतो, त्याला घाबरायचं नाही. आणि घाबरायचं कशाला, तेही तिने बोट वर करून दाखवलं. छपराला.

"वळचणीखालून चालायचं नाही. कधीच नाही. ऊन पडलं की तर नाहीच नाही. छपरावर चढायचं तर दोघांनी. एकट्याने नाही."

विभाने मान डोलावली. पण डिसेंबर संपेपर्यंत तिची निफाडची सगळी ऐट उतरली होती. बर्फ खालच्या मजल्याच्या वर गेला. घरातून बाहेर पडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी पांढऱ्या भिंती असलेल्या चिंचोळ्या वाटेतून जायचं. छपरावर मीटर-दीड मीटर थर साचला की घराची लाकडं कुरकुरायला लागत आणि वरच्या मजल्यावरचं सरकतं दार अडकायचं. देवदत्त म्हणायचा, "अगं, शंभर वर्षं उभं आहे हे घर." तो सकाळी कारखान्यात जायचा. आर्या बालवाडीत मजेत होती, बर्फाच्या ढिगाऱ्यावरून घसरायची आणि जपानीत गाणी म्हणायची. घरात विभा एकटी, फळ्यांमुळे दिवसाही दिवा लावलेला, आणि डोक्यावर ते कुरकुरणं. रोज सकाळी गावाच्या भोंग्यावरून सूचना यायच्या. तिला सगळं कळायचं नाही, पण "छप्पर", "एकट्याने नको" आणि "मृत्यू" हे शब्द ती ओळखायला लागली होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ऊन पडलं. पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यांदा आभाळ निळं. विभाला इतकं हायसं वाटलं, की तिने वरच्या मजल्यावरची खिडकी सताड उघडली आणि गाद्या कठड्यावर टाकल्या. छपरांवरून पाण्याचे थेंब गळत होते. खाली, दोन घरांच्या मधल्या बोळात, होशिनो-सान बर्फ काढत होती. बायकांनाही दोन हातांनी ढकलता येईल असं तिथे एक मोठं लाल सुपडं मिळतं, ते घेऊन ती घरामागच्या रॉकेलच्या टाकीपर्यंत वाट करत होती. तीन वाजता रॉकेलवाला येणार होता.

"होशिनो-सान, वर छप्पर!" विभा ओरडली.

म्हातारीने वर बघून हात हलवला. "झालंच. दोन मिनिटं."

विभा गाद्या झटकायला वळली. तेवढ्यात तिला आवाज आला. आधी घरघर, लांबून ट्रक यावा तशी, मग एकदम धप्प. पायाखालची जमीन हादरली, कपाटातल्या बशा वाजल्या. भूकंप, असंच तिला वाटलं. ती टेबलाखाली शिरायला धावली. पण हादरा एकदाच बसला होता. मग काहीच ऐकू येईना. थेंबांचासुद्धा आवाज नाही.

ती खिडकीशी गेली. बोळ नव्हता. होशिनो-सानच्या घराच्या छपराची अर्धी बाजू मोकळी, काळी, ओली दिसत होती आणि बोळ बर्फाने भरून गेला होता. लाल सुपड्याची दांडी तेवढी वर दिसत होती.

"होशिनो-सान!"

उत्तर आलं नाही.

विभा मला म्हणाली, "मला जावंसं वाटत नव्हतं. तुला खरं सांगते. मनात एकच, आर्याला चार वाजता आणायचंय. मी खाली गाडले गेले तर तिला कोण आणणार?" छपराची दुसरी अर्धी बाजू अजून तशीच भरलेली होती आणि पुढे झुकली होती. त्याच्या बरोबर खाली ती दांडी.

तिने आधी फोन उचलला. आणीबाणीचा नंबर लावला. पलीकडून विचारलं, आग की रुग्णवाहिका? तिच्या डोक्यातली सगळी जपानी पुसली गेली. "बर्फ," ती म्हणाली. "छप्पर. खाली. माणूस. आजी." पलीकडच्या माणसाने शांतपणे पत्ता विचारला. पत्ता तिला येत होता. आर्या हरवली तर सांगता यावा म्हणून तिने तो आर्यासोबत घोकला होता. "येतोय," तो माणूस म्हणाला, "पण रस्ता अरुंद आहे, वेळ लागेल. तुम्ही छपराखाली जाऊ नका."

तिने फोन ठेवला, देवदत्तचे गमबूट चढवले, फावडं घेतलं आणि बाहेर पडली.

बोळाच्या तोंडाशी ती थांबली. वर बघितलं. बर्फाची कड हातभर बाहेर आलेली, तिच्यातून पाणी ठिबकतंय. मग ती आत शिरली. दांडीपाशी पोचून खणायला लागली, आणि दर दोन फावड्यांनंतर वर बघत होती. छपरावरून पडलेला बर्फ भुसभुशीत नसतो, सिमेंटसारखा बसतो. फावडं आपटलं की हाताला झिणझिण्या येत. तोंडाने ती ओरडत होती, आणि ते मराठीत होतं, हे तिला तेव्हा कळलंही नाही.

रॉकेलवाले कुवाबारा-सान वेळेआधी आले, हे नशीब. पन्नाशीचा धिप्पाड माणूस. त्यांनी गाडीतून उडी मारली, एका नजरेत सगळं ओळखलं आणि पहिल्यांदा विभाचंच जॅकेट मागून धरून तिला ओढलं.

"सोडा! त्या खाली आहेत!"

"एकाने वर बघायचं, एकाने खणायचं," ते म्हणाले. "मी ओरडलो की फावडं टाकून पळ. समजलं?"

त्यांनी स्वतः खणायला का नाही घेतलं, असं मी विभाला विचारलं होतं. ती म्हणाली, ते वर बघत बघतच दुसऱ्या बाजूने हाताने बर्फ उपसत होते, आणि कोणतं छप्पर कधी सुटेल हे त्यांना कळत होतं, तिला नाही. ती खणत राहिली. आता निदान वर बघावं लागत नव्हतं. पण पाठीवर, मानेवर, त्या कडेचं ओझं आधीच पडलंय असं तिला वाटत होतं.

"पळ!"

ती मागे वळलीही नाही, नुसती फेकली गेल्यासारखी बोळाच्या तोंडाशी आली. मागे धप्प झालं. थंड भुकटी तिच्या तोंडात, डोळ्यांत गेली. बघितलं तर कडेचा एक तुकडाच पडला होता, बाकीचा थर तसाच वर. जिथे ती उभी होती तिथे कमरेएवढा नवा ढीग. विभा तिथेच बसली आणि रडायला लागली. कुवाबारा-सानांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते टाकीच्या बाजूने आत घुसले होते. मग त्यांचा आवाज आला, "बूट! बूट लागला!"

ती उठली. कशी उठली ते तिला आठवत नाही. दोघांनी हातांनीच उकरलं. होशिनो-सान टाकीच्या लोखंडी पायांत ढकलली गेली होती. टाकीखाली पोकळी राहिली होती आणि तिचं तोंड त्या पोकळीत होतं. ओठ निळे, डोळे मिटलेले. विभाने तिच्या गालाला हात लावला. म्हातारीने डोळे उघडले आणि पुटपुटली, "पाय... पाय नको ओढूस."

रुग्णवाहिका आली तेव्हा विभाच्या हातमोजे नसलेल्या हातांची बोटं मिटत नव्हती. कुवाबारा-सान चार वाजता तिच्याबरोबर बालवाडीत आले. आर्या हसत धावत आली आणि विभाने तिला इतकं घट्ट धरलं, की ती "आई, इताई!" म्हणून ओरडली. दुखतंय म्हणाली.

त्या संध्याकाळी देवदत्त घरी आला तेव्हा बॅगा भरलेल्या होत्या.

"एप्रिलपर्यंतच आहे गं," तो म्हणाला.

"तू दिवसभर काँक्रीटच्या इमारतीत असतोस. मी याच्याखाली बसते," विभा छताकडे बोट करून म्हणाली. "मी आणि आर्या परत जातोय."

दुसऱ्या दिवशी गाड्या बंद होत्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी गावातली पाच माणसं दोर, शिड्या घेऊन आली आणि दोन्ही घरांची छपरं मोकळी करून गेली. घराचं कुरकुरणं थांबलं. विभा राहिली. पण त्यानंतर ऊन पडलं की ती आर्याला बाहेर सोडत नसे, आणि आर्याला त्याचा अर्थ कधी कळला नाही.

दहा दिवसांनी ती हॉस्पिटलात गेली. होशिनो-सानचं कमरेचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्याही. तिने विभाला बघताच ओरडायला सुरुवात केली. "मूर्ख! वळचणीखाली एकटी शिरलीस! काय शिकवलं होतं मी तुला?"

"आणि तुम्ही?" विभाही चिडली. "तुम्ही कुणाबरोबर शिरला होतात?"

खोलीतल्या दुसऱ्या पेशंटने तोंड फिरवून घेतलं. मग होशिनो-सान म्हणाली, "बावन्न वर्षं त्या घरात आहे. इतकी घाबरले कधीच नव्हते. हात हलेना, डोळे उघडेनात. वर कुठेतरी तुझा आवाज येत होता. मला एक शब्द कळत नव्हता. काय म्हणत होतीस?"

विभाला आठवावं लागलं. "मी म्हणत होते, आले, आले, थांबा."

"आले," होशिनो-सानने तसंच म्हणून बघितलं, आणि रुमालाने डोळे पुसले.

एप्रिलमध्ये गायधनी कोतोला परतले. विभा पुढे इथल्या भारतीय शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली, अजून आहे. होशिनो-सानचा मुलगा तिला साइतामाला घेऊन गेला होता, पण तिला तिथली कोरडी हवा आणि शेजाऱ्यांचं न बोलणं सोसेना. जूनमध्ये ती वॉकर घेऊन आपल्या घरी परतली. छप्पर साफ करायला आता दरवर्षी कुवाबारा-सान माणसं घेऊन येतात, ती खिडकीतून सूचना देते.

विभा तिला दर रविवारी फोन करते. भेटायला जाते ती मे महिन्यात, भाताच्या खाचरांत पाणी सोडतात तेव्हा. मी एकदा म्हटलं, जानेवारीत जाऊ या की, मीही बघीन बर्फ.

"तू जा," ती म्हणाली. "मला नाही जमणार. मी प्रयत्न केला होता एकदा. शिंकान्सेन गाडी बोगद्यातून बाहेर आली, पांढरं दिसलं, आणि मी पुढच्याच स्टेशनला उतरून परत आले."